नागपूरहून नाशिकला सहा जण, तीन दिवस : कोणत्या वाइनऱ्या ठेवू, कोणत्या गाळू?

धरमपेठकरीण

मंडळी, मदत हवी आहे. फेब्रुवारीच्या मध्यात नाशिकला चाललोय. आम्ही दोघं, नणंद, तिचे मिस्टर आणि सासू-सासरे. निमित्त आमच्या लग्नाला २५ वर्षं झाली त्याचं. सासूबाईंना त्र्यंबकेश्वर करायचं आहे, नणंदेला वाइनऱ्या पाहायच्या आहेत आणि आमच्या ह्यांना समृद्धीवर गाडी चालवायची आहे. असे तीन हेतू एकाच गाडीत कोंबून निघणार आहोत.

नणंदेनं वाइनऱ्यांची यादी पाठवली. मोजल्या तर नऊ! सुला, यॉर्क, सोमा, व्हॅलोने, ग्रोव्हर झाम्पा, शांदों, रेव्हेलो, शिवाय फ्रटेली आणि फोर सीझन्स. शेवटच्या दोन नाशिकला नाहीतच, हे मला नकाशा उघडल्यावर कळलं. एक अकलूजकडे, दुसरी पुणे जिल्ह्यात रोटीला. म्हणजे उरल्या सात. दिवस तीन, त्यातला निम्मा एक महादेवाचा.

वाइनबद्दलचं माझं ज्ञान लाल असते आणि पांढरी असते, इथवरच. ह्यांना व्हिस्की कळते असं ह्यांचं मत आहे. सासरे पीत नाहीत. पिणाऱ्याला काही बोलतही नाहीत, नुसते बघतात. ते बघणं पुरेसं असतं. त्यांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. फेब्रुवारीत संत्र्याच्या मृग बहाराचा माल तोडणीला आलेला आणि पुढच्या आंबिया बहाराचा फुलोरा धरलेला, त्यामुळे "अशा टायमाले बाग सोडून मी बाटल्या पाहायले येऊ काय?" असं म्हणून झालंय. पण येताहेत.

तर प्रश्न असा की, सगळीकडे तेच टाक्या, पिंपं आणि ग्लास असतं का? तसं असेल तर एक पाहून मोकळं होऊ. नसेल तर कोणत्या ठेवू?

तर्रीपोहे

ताई, तुमी फिरायले चालल्या का ऑडिट करायले? सात!

माह्या साळ्यानं एका दिवसात चार केल्या होत्या. चौथीचं नाव त्याले आजही सांगता येत नाही. तिसरीतच चप्पल इसरून आला. एक सुला करा, फोटो काढा, मिसळ खा, घरी या.

गोदाकाठ

नाशिककर आहे, त्यामुळे पाहुण्यांना वाइनऱ्या दाखवत फिरण्यात बरेच रविवार गेले आहेत. आधी यादी बाजूला ठेवा आणि दिशा बघा. नाशिकच्या वाइनऱ्या एका ओळीत नाहीत, चार वाटांवर पसरल्या आहेत.

पहिली वाट गंगापूर धरणाची. सुला, यॉर्क, सोमा तिन्ही इकडेच. शहरापासून सुला दहा-बारा किलोमीटर, यॉर्क तिथून जवळच, सोमा आणखी पुढे गंगावऱ्हेला. दुसरी वाट दिंडोरीची, तिकडे शांदों. तिसरी मुंबईच्या दिशेला, इगतपुरी तालुक्यात. व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा तिकडे, संजेगाव-मुकणे धरणाच्या बाजूला. चौथी अगदी उलट्या दिशेला, निफाडजवळ कुंदेवाडीला रेव्हेलो. सकाळी निफाड, दुपारी इगतपुरी, संध्याकाळी गंगापूर असं ठरवलंत तर तुम्ही नाशिकचे सगळे उड्डाणपूल बघाल आणि वाइन एकही नाही. शिवाय सिंहस्थाची कामं ठिकठिकाणी चालू आहेत.

एका दिवशी एकच वाट. आणि एका वाटेवर जास्तीत जास्त दोन. याचं कारण हिशोबाचं आहे. टेस्टिंगला साधारण पाच-सहा प्रकार मिळतात, प्रत्येकी दोन-चार घोट. ते घोट गोळा केले की एक भरलेला ग्लास होतो. दोन ठिकाणी दोन ग्लास, तेही जेवणाआधी. तिसऱ्या ठिकाणी गेलात तर सगळ्या वाइन सारख्याच लागतात, आणि मग घरी जाऊन "सगळीकडे तेच असतं हो" म्हणून सांगता. चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते मागायला लाजू नका. आपल्याकडे थुंकायला कोणी लाजत नाही, पण नेमकं तिथं लाजतात.

गाडी चालवणाऱ्यानं चाखूही नये. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पण ती मोजत बसण्यापेक्षा त्या दिवशी स्थानिक ड्रायव्हर ठेवा.

आता सुलाबद्दल. गर्दी असते, खरं आहे. शनिवारी-रविवारी मुंबई रिकामी होऊन इथे येते. पण नाशिकला वाइन म्हणजे काय ते दाखवलं सुलानेच. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले, १९९७ मध्ये इथे सोव्हिन्यो ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांची लागवड केली, २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आली. नाव आईचं, सुलभा, त्यावरून सुला. तेव्हा आमच्याकडचे लोक विचारायचे की, खायच्या द्राक्षाला भाव मिळतो तर ही आंबट बियांची द्राक्षं कोण लावतंय. २०२२ च्या डिसेंबरात कंपनी शेअर बाजारात आली, तेव्हा तेच लोक अर्ज भरत होते. मोठा कारखाना कसा चालतो ते बघायला सुला ठेवाच, फक्त शुक्रवारी किंवा त्याआधी जा. यॉर्क २०२१ पासून सुलाकडेच आहे, पण तिथलं धरणाच्या पाण्याकडे तोंड केलेलं बसायचं ठिकाण वेगळं. सूर्य मावळायच्या तासभर आधी पोचा.

मेघना_ना

धाग्याच्या विषयाशी थोडं विसंगत लिहिते, राग नको. सत्तरीच्या सासू-सासऱ्यांना घेऊन वाइनरीत? आणि त्याच ट्रिपमध्ये त्र्यंबकेश्वर? २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हाही हेच ऐकलं होतं, वाइन म्हणजे दारू नाही, शेतकऱ्याचा माल आहे. दारू ती दारूच.

धरमपेठकरीण

मेघना, राग नाही. दारूच आहे, हे घरात कोणी नाकारत नाहीये. सासूबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "त्र्यंबक आधी करा, मग मले कुठंही न्या, मी खुर्चीत बसते, स्वेटर विणते." ऑर्डर त्यांनीच लावून दिली आहे.

गोदाकाठ, वाटांची गोष्ट पटली. नणंदेला तुमचं पोस्ट फॉरवर्ड केलं. तिचं उत्तर : "मग चार दिवस राहू."

हिंगणा_नाका

येताना काय करणार ते ठरवलं का? कोणी विषय काढत नाहीये म्हणून मी काढतो.

समृद्धी आपल्याकडे शिवमडक्याला सुरू होतो आणि लगेच कोणता जिल्हा लागतो? वर्धा. दारूबंदीचा जिल्हा. नाशिकहून डिकीत सहा बाटल्या टाकून निघालात तर सिन्नर, शिर्डी, संभाजीनगर, जालना, मेहकर, कारंजा, धामणगाव सगळं निवांत, आणि घर तासाभरावर आलं की घशाला कोरड. रेल्वेनं आलात तरी तेच, विदर्भ असो की सेवाग्राम, वर्ध्यातूनच. एका गाडीचं तर नावच सेवाग्राम आहे, आता बोला.

आम्ही दोन वर्षांपूर्वी हौसेनं बारा बाटल्या घेतल्या. सगळ्या पावतीसह. कारंज्याच्या टोलजवळ भावाला आठवलं की पुढे वर्धा आहे. गाडी खाली उतरवली, कारंज्यातल्या आतेभावाकडे पेटी ठेवली, "पुढच्या वेळी नेतो" म्हटलं. पुढच्या वेळी गेलो तर त्याच्याकडे बारा रिकाम्या बाटल्यांत मनीप्लांट.

तात्पर्य काय, तिथे प्या, आणू नका. सुला, फ्रटेली, ग्रोव्हरच्या नेहमीच्या बाटल्या नागपुरात दुकानात मिळतात. आणायचंच असेल तर आधी उत्पादन शुल्कवाल्यांच्या कचेरीत परवान्याचं विचारून घ्या, व्हॉट्सअॅपवर विचारू नका.

तर्रीपोहे

मनीप्लांट 😂😂 त्या आतेभावाचा पत्ता द्या भाऊ.

वेशीबाहेर

मी एकटी फिरणारी, वय ६३, राहणार प्रतापनगर. मागच्या जानेवारीत पाच वाइनऱ्या केल्या, चार दिवसांत. मूळ प्रश्नाला उत्तर देते : सगळीकडे तेच असतं का? टाक्या सारख्याच. बाकी नाही.

मला तीन प्रकार दिसले. एक मोठा कारखाना, जिथे टाकी बघायला मान मागे टाकावी लागते. दुसरी छोटी वाइनरी, जिथे गाइड म्हणून येतो तोच मघाशी नळी धुवत होता. आणि तिसरी फसफसणारी, म्हणजे स्पार्कलिंगवाली. हिचं काम सर्वांत वेगळं, म्हणून मला सर्वांत आवडलं. तयार वाइन बाटलीत भरतात, थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली पुन्हा बंद. ती बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते आणि वायू आतच अडकतो. मग मेलेलं यीस्ट बाटलीत राहतं, ते काढायचं कसं? बाटली हळूहळू उलटी करत, रोज थोडी फिरवत सगळा गाळ मानेत आणतात. नुसती मान गोठवतात. झाकण उघडलं की आतला दाब त्या बर्फाच्या बुचाला बाहेर फेकतो, गाळासकट. हे मी तीनदा समजावून घेतलं. दिंडोरीला शांदोंचं मुख्य लक्ष याच गोष्टीवर, मोएत-हेनेसी या फ्रेंच कंपनीवाल्यांनी २०१३ मध्ये सुरू केलं. पण जायच्या आधी भेट मिळते का ते विचारून घ्या, अवचित दारात उभं राहू नका. सुलाही याच पद्धतीनं स्पार्कलिंग करते.

एक तक्रारही करते, नाव न घेता. एका ठिकाणी टेस्टिंगला जो मुलगा होता तो पोपटासारखा म्हणत होता. "यात तुम्हाला पेरू येईल." मला आला, खरंच, सोव्हिन्यो ब्लाँ होती आणि हिरव्या ढोबळी मिरचीचाही वास होता. मी म्हटलं, "ढोबळी मिरची पण आहे का रे?" तर म्हणाला, "नाही मॅडम, आमच्याकडे स्टार्टर मेन्यू वेगळा आहे." त्याला पाठ करायला दिलेल्या कागदात मिरची नव्हती बिचाऱ्याच्या. अशा जागी पंचवीस जणांच्या घोळक्यात सहा ग्लास बारा मिनिटांत उरकतात. छोट्या ठिकाणी तसं होत नाही. म्हणून माझं मत, एक मोठी, एक छोटी, जमलं तर एक फसफसणारी. नावं त्यात बसवा.

जंबेरी

ह्या धाग्यावर कोणी सासऱ्यांचा विचार करून राहिलं नाही म्हणून लिहितो. मी वरुडचा, संत्रावाला. शेतकऱ्यांच्या सहलीत निफाड-पिंपळगाव पाहून आलो आहे. ताई, तुमच्या सासऱ्यांना टेस्टिंग रूममध्ये बसवू नका, मळ्यात न्या. तिथे त्यांच्याशी बोलायला माणूस भेटला पाहिजे एवढंच पाहा.

आपल्याकडे जे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून होते, तेच तिकडे आहे. खाली डॉगरिज जातीचा खुंट, वर शिराज नाहीतर कॅबर्ने, म्हणजे लाल वाइनचं द्राक्ष. मुळं एकाची, फळ दुसऱ्याचं. आपण बागेला ताण देऊन बहार धरतो, पाणी तोडतो, झाड सुकायला आलं की पाणी सोडतो आणि फुलोरा फुटतो. ते ताणाच्या जागी कात्री चालवतात. एप्रिलात खरड छाटणी, तेव्हा काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यावर घड येतो. वाइनचा माल जानेवारी ते मार्च तोडणीला असते. तुम्ही फेब्रुवारीत चालल्या म्हणजे अगदी बरोबर टायमाले चालल्या. पांढऱ्या जाती आधी निघतात, लाल मागून, तर लाल तुम्हाला वेलीवर पाहायला मिळतील. मे महिन्यात गेल्या असत्या तर नुसत्या काड्या दिसल्या असत्या.

आणि एक गंमत. खायचं द्राक्ष मोठं व्हावं म्हणून शेतकरी जीए (जिबरेलिक अॅसिड, मणी फुगवायचं औषध) मारतो, मणी फुगला पाहिजे, साल पातळ पाहिजे, बी नको. वाइनच्या द्राक्षाला सगळं उलटं. मणी बारीक पाहिजे, साल जाड, बी असते तर असू द्या. रंग आणि तो तुरटपणा सालीतून येते, रस तर लाल द्राक्षाचाही बहुतेक पांढराच. मणी बारीक म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त. म्हणून लाल वाइन सालीसकट आंबवतात, पांढरीची साल आधीच काढून टाकतात. हे मले एका द्राक्षवाल्यानं बांधावर बसून सांगितलं, कोणत्या गाइडनं नाही.

थंडीचंही विचारून घ्या. हिवाळ्यात पेपरात "निफाडचा पारा घसरला" वाचतो ना आपण, ते तापमान कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं असते. रेव्हेलो त्याच कुंदेवाडीला. दिवसा ऊन, राती कडाक्याची थंडी, त्यानं साखर भरते पण आंबटपणा उडून जात नाही. आपल्या नागपूरले वाइनचं द्राक्ष काऊन नाही, त्याचं एक उत्तर हे आहे.

गोदाकाठ

जंबेरी, तुम्ही नाशिकला या, आमच्या पाहुण्यांना तुम्हीच फिरवा.

छोट्या वाइनरीसाठी इगतपुरीची वाट सुचवेन. व्हॅलोने लहान आहे, मुकणे धरणाच्या बाजूला, तिथेच जेवायची सोय आहे. ग्रोव्हर झाम्पा जवळच, मूळ ग्रोव्हर कर्नाटकात नंदी हिल्सचे, इथली व्हॅली द व्हँ आणि ते २०१२ मध्ये एकत्र आले. दोन्ही ठिकाणी आधी फोन करा. मळ्यात न्यायला माणूस आहे का, हे फोनवरच विचारा. "आमच्याबरोबर एक बागायतदार आहेत" एवढं सांगितलंत तर पुष्कळदा आपोआप माणूस मिळतो.

धरमपेठकरीण

ठरलं. घरात मतदान घेतलं, नणंद हरली.

गुरुवारी पहाटे निघून मुक्काम नाशिक. शुक्रवारी सकाळी त्र्यंबक, दुपारी विश्रांती, चार वाजता सुला, तिथून यॉर्क. शनिवारी इगतपुरीची वाट, दोनच. रविवारी सकाळी परत. शांदों आणि रेव्हेलो गाळल्या, सोमा पण. नणंद म्हणते पुढच्या वर्षी. दोन्ही दिवस ड्रायव्हर स्थानिक, समृद्धीवर मात्र हेच. आल्यावर लिहिते.

तर्रीपोहे

आल्यावर लिहितो म्हणणारे कधी लिहीत नाही. पैज.

धरमपेठकरीण

तर्रीपोहे, पैज हरलात. तर्री तुमच्याकडून.

प्रवासाबद्दल एवढंच की, समृद्धीवर झोप येते. सरळ, सपाट, कुणी आडवं येत नाही, आणि चहाची टपरी दिसेदिसेपर्यंत माणूस पेंगतो. दर दीड तासाला थांबलो. सासूबाईंनी डब्यात सांबारवडी आणली होती, ती जालन्यापर्यंतच टिकली.

त्र्यंबकला रांग होती, पण शुक्रवार असल्यानं दोन तासांत दर्शन झालं. सुला आम्ही चारच्या फेरीत पाहिली. मोठी आहे, नीट आहे, टाक्यांखाली उभं राहून दूध डेअरीत आल्यासारखं वाटतं. सासरे मागे हात बांधून सगळं बघत होते. गाइडनं स्टीलच्या टाकीकडे बोट दाखवून तापमानाचं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "लाइट गेली तर?" जनरेटर आहे म्हटल्यावर मान हलवली. आमच्या ह्यांना लाल आवडली, नणंदेला गोड लेट हार्वेस्ट, मला काहीच ठरवता आलं नाही. यॉर्कला सूर्य धरणात बुडताना सासूबाईंचं स्वेटर एक बाही झालं होतं.

आता शनिवारचं. त्यातल्या एका जागेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण आधी फोन करूनही तिथे आमची नोंद सापडेना आणि पाऊण तास उन्हात उभं राहावं लागलं. पण त्या पाऊण तासामुळेच पुढचं घडलं. सासरे गेटपाशी थांबेनात. बाजूच्या वेलींच्या रांगेत एक माणूस ठिबकची नळी तपासत होता, सासरे सरळ त्याच्याकडे गेले. मी मागे पळाले, म्हटलं कोणी रागावेल. बघते तर सासरे खाली वाकून, चपलेनं खोडाजवळची माती बाजूला करताहेत. "जोड कुठं हाय?" त्या माणसानं बोट ठेवलं. खोडाला गुडघ्याखाली एक गाठ होती, खालचा भाग जाड, वरचा बारीक. सासरे म्हणाले, "आमचं उलटं असते कधी कधी." मग दोघं खाली बसले. वीस मिनिटं. डिंक्या, डाऊनी, भुरी असे रोग, मजुरी, कोणत्या तारखेला छाटणी, पाणी किती. तो माणूस कंपनीचा नव्हता, पलीकडचा शेतकरी होता, करारानं द्राक्ष देणारा. त्यानं एक मणी तोडून दिला. सासऱ्यांनी चावला, बिया कडकड फोडल्या, साल बोटावर काढून उन्हात धरली. बोट जांभळं. "गोड लय हाय," म्हणाले, "पण कोणी विकत घेणार नाही हे." तो शेतकरी हसून म्हणाला, "म्हणूनच यांना देतो."

जंबेरी, तुम्ही लिहिलेलं सगळं मी त्यांना आधी वाचून दाखवलं नव्हतं. मुद्दाम.

मग दुपारी व्हॅलोनेत. जेवण झालं, टेस्टिंगला बसलो, पाच-सहाच जण. सासऱ्यांपुढे पाण्याचा ग्लास. त्या मुलीनं व्हिओन्ये नावाची पांढरी ओतली आणि सांगितलं, जर्दाळू, फुलं वगैरे. नणंद म्हणाली, बाबा, पिऊ नका, नुसता वास घ्या. मला वाटलं आता ते बघणार. त्यांनी ग्लास घेतला, दोन्ही हातांनी धरला, जसं गरम चहाचं धरतात तसा, आणि नाकाशी नेला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "आंबियाचा फुलोरा हाय ह्याच्यात."

ती मुलगी गोंधळली. आम्ही तिला सांगितलं, संत्र्याची फुलं. तेव्हा तिनं तिचा छापील कागद काढून दाखवला. त्यात होतं, ऑरेंज ब्लॉसम. जर्दाळूच्या खालच्या ओळीत.

आमच्या ह्यांनी मग सगळ्या ग्लासांचा वास त्यांच्याकडून तपासून घेतला. लाल शिराजला "मिऱ्याचं पोतं" म्हणाले. एकीला "हे मले माहीत नाही" म्हणाले आणि ती सगळ्यांत महाग होती.

हिंगणा_नाका, बाटली एकही आणली नाही. बेदाणे दोन किलो, चिवडा, आणि सासूबाईंचं पूर्ण स्वेटर. नागपुरात येऊन दुकानात व्हिओन्ये विचारली तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, सुलाची लाल घेऊन जा, तीच चालते."

वेशीबाहेर

तुमच्या सासऱ्यांना मिऱ्याचं पोतं सापडलं म्हणजे नाक पक्कं आहे. शिराजला मिरी मीही शोधली होती, मला तिथे फक्त त्या मुलाचं अत्तर आलं.

मेघना_ना

वाचलं. स्वेटर कोणत्या रंगाचं?

धरमपेठकरीण

मेघना, जांभळं. योगायोग.

हिंगणा_नाका

बेदाण्यांना वर्ध्यात बंदी नाही, शाबास.

जंबेरी

ताई, खुंट डॉगरिजच होता का? का दुसरा? विचारलं असलंच बाबांनी.

धरमपेठकरीण

हो, डॉगरिज. त्यांच्या बागेच्या वहीत लिहून आणलंय, त्या शेतकऱ्याच्या फोन नंबरसकट. काल रात्री त्याचाच फोन आला होता, सासऱ्यांच्या आंबियाला किती पाणी सोडलं ते विचारायला. अर्धा तास चालला.